वंशावळीतील रिकामा रकाना : आनुवंशिक जनुके आणि प्रोस्टेटचा कर्करोग

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. पाठ जूनमध्ये शिकवून होतो. त्यावरचा एक गृहपाठ मात्र आम्ही विज्ञान-शिक्षक दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवतो, कारण तो करण्यासाठी विद्यार्थ्याला घरी जावे लागते. घरच्या तीन पिढ्यांची वंशावळ काढायची आणि प्रत्येक नावापुढे गाव, वय, मोठे आजारपण व मृत्यू झाला असल्यास त्याचे कारण लिहायचे, असा हा गृहपाठ. सुट्टी संपवून मुले संगमनेरला परततात आणि अकोले, सिन्नर, जुन्नर, राहुरी अशा दूरदूरच्या गावांतील आजी-आजोबा कागदावर उतरून आमच्या टेबलावर येतात. नावे बहुधा बरोबर असतात. गावेही बरोबर असतात. शेवटचा रकाना मात्र वर्षानुवर्षे तसाच येतो : ‘म्हातारपण’, ‘ताप’, ‘कंबर’, ‘माहीत नाही’, आणि बऱ्याचदा नुसता कोरा.

काही वर्षांपूर्वी पालकसभा आटोपल्यावर एक पालक आमच्यापाशी थांबले. त्यांची हकिकत त्यांच्या संमतीने, नाव व गाव वगळून येथे देत आहोत. त्यांच्या थोरल्या बंधूंनी पंचावन्नाव्या वर्षी अंथरूण धरले. पाठ आणि कंबर यांच्या वेदना थांबेनात. आयुष्यभर उसाच्या मोळ्या वाहिल्या, मणका गेला असेल, असे घरच्यांनी गृहीत धरले. लेप झाले, पट्टा झाला, चोळणे झाले. आठ महिन्यांनी मुंबईस नेले, तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचल्याचे निदान झाले. तेथील डॉक्टरांनी विचारले, “घरात आणखी कोणाला कर्करोग झाला होता का?” दोघेही भाऊ “नाही” म्हणाले. परतीच्या एस. टी.त धाकट्यांना आठवले, की त्यांची मोठी बहीण, अक्का, ऐन चाळिशीत छातीच्या गाठीने गेली होती. तो बायकांचा आजार, हा पुरुषांचा. या दोहोंचा काही संबंध असेल, हे कोणाच्या मनातही आले नव्हते. पुढच्या खेपेस त्यांनी ते सांगितले. थोरल्या बंधूंची जनुकीय चाचणी झाली आणि बीआरसीए२ नावाच्या जनुकात जन्मजात दोष आढळला.

“सर, मुलाच्या कागदावर अक्काच्या नावापुढे मीच ‘ताप’ लिहायला सांगितले होते,” एवढे बोलून ते गृहस्थ गप्प झाले.

त्या एका शब्दाने किती ज्ञान झाकले जाते, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडावे, यासाठी स्मरणिकेतील ही पाने आम्ही मागून घेतली आहेत.

ग्रंथीची ओळख

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, ही केवळ पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही ग्रंथी साधारण अक्रोडाएवढी असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करते. पन्नाशीनंतर बहुसंख्य पुरुषांत ती हळूहळू आकाराने वाढते. रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, ही त्या वाढीची परिचित लक्षणे होत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरील भागात सुरू होतो. मूत्रमार्ग तेथून दूर असल्याने आरंभी काहीच जाणवत नाही. तो पसरतो तेव्हा मणका व कमरेची हाडे गाठतो आणि घरात ‘कंबर’ हा शब्द बोलला जाऊ लागतो.

या रोगाचे दुसरे वैशिष्ट्यही ध्यानात घ्यावे. अनेक पुरुषांत तो इतका संथ असतो, की ते त्या रोगासह पुष्कळ वर्षे जगतात आणि अखेर दुसऱ्याच कारणाने जातात. काहींत मात्र तो वेगाने पसरतो. म्हणून रोग कोणाला होईल, या प्रश्नाइतकाच तो कोणाच्या शरीरात आक्रमक होईल, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांचा काही भाग आपल्या जनुकांत लिहिलेला असतो.

तीन अब्ज अक्षरांतील फरक

आपल्या पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यांतील डीएनए म्हणजे चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला सुमारे तीन अब्ज अक्षरांचा ग्रंथ. मानवी जीनोम प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला आणि या ग्रंथात सुमारे वीस हजार जनुके आहेत, असे पुढे स्पष्ट होत गेले. कोणत्याही दोन माणसांचे ग्रंथ ताडून पाहिले, तर हजार अक्षरांत साधारण एका अक्षराचा फरक आढळतो. यांतील बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. काही थोडे फरक मात्र रोगाचा धोका वाढवतात किंवा कमी करतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या दृष्टीने असे फरक दोन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार दुर्मीळ, परंतु जबर परिणामाचा. आपल्या पेशींतील डीएनए रोजच्या रोज कोठे ना कोठे तुटत असतो आणि पेशी तो रोजच्या रोज सांधत असते. हे सांधकाम करणारी प्रथिने ज्या जनुकांवरून घडतात, त्यांत बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुके येतात. ती अनुक्रमे १९९४ व १९९५ साली ओळखली गेली. ज्या कुटुंबांत स्तनांचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या आढळत होता, त्यांच्या अभ्यासातून ती सापडली. म्हणून त्यांची नावेही त्याच रोगावरून पडली आणि ही बायकांची जनुके, असा गैरसमज रूढ झाला. वस्तुतः ती प्रत्येक स्त्रीत आणि प्रत्येक पुरुषात असतात. जन्मतः त्यांची एक प्रत सदोष असली, तरी दुसरी प्रत काम निभावून नेते. आयुष्याच्या ओघात एखाद्या पेशीतील ती दुसरी प्रतही निकामी झाली, की तुटलेला डीएनए नीट सांधला जात नाही. चुका साचत जातात आणि कर्करोगाला वाट मिळते. बीआरसीए२मध्ये दोष असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. शिवाय तो कमी वयात येतो आणि अधिक आक्रमक असतो. एटीएम, चेक२ आणि लिंच सिंड्रोमशी निगडित एमएसएच२ ही याच कामातील आणखी काही जनुके होत. रोग शरीरभर पसरलेल्या पुरुषांची तपासणी करणारे एक संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे १२ टक्के पुरुषांत सांधकामाच्या जनुकांचे जन्मजात दोष आढळले. ज्यांचा रोग ग्रंथीपुरताच मर्यादित होता, त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते.

दुसरा प्रकार सार्वत्रिक, परंतु सौम्य परिणामाचा. आठव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एका भागातील फरकांचा या कर्करोगाशी संबंध आहे, असे २००६ साली दिसून आले. त्यानंतर असे फरक शोधले जाऊ लागले आणि २०२३पर्यंत त्यांची संख्या साडेचारशेच्या घरात गेली. यांतील काही फरक तुम्हा-आम्हा सर्वांत असतात. एकेकाचा परिणाम इतका अल्प असतो, की त्याची स्वतंत्रपणे चिंता करण्याचे कारण नाही. पण एकेक काडी हलकी असली, तरी मोळी जड होते. ज्याच्या वाट्याला असे पुष्कळ फरक एकत्र आले, त्याचा एकूण धोका वाढतो.

डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतील जुळ्या भावंडांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यासही २०१६ सालीच प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या धोक्यात माणसामाणसांमध्ये जो फरक दिसतो, त्यापैकी सुमारे ५७ टक्के फरकाचे मूळ आनुवंशिकतेत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मोठ्या कर्करोगांमध्ये हे प्रमाण बरेच वरचे आहे. हा आकडा समाजातील फरकांविषयीचा आहे. एखाद्या माणसाचा रोग ५७ टक्के जनुकांमुळे झाला, असा त्याचा अर्थ नाही.

आजोळचा वारसा

वडील किंवा सख्खा भाऊ यांना हा कर्करोग झाला असेल, तर पुरुषाचा धोका साधारण दुप्पट होतो. असे नातेवाईक एकाहून अधिक असतील किंवा त्यांना तो कमी वयात झाला असेल, तर धोका आणखी वाढतो. एवढे अनेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे.

बीआरसीए२ हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे आणि ते गुणसूत्र मुलामुलींना सारख्याच रीतीने मिळते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे सदोष प्रत असेल, तर प्रत्येक अपत्यास ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. स्त्रीला प्रोस्टेट नसते. पण ती हा दोष आपल्या मुलाला देऊ शकते. म्हणून पुरुषाने आपला धोका जाणून घेताना वडील व चुलते यांच्यापाशी थांबून चालत नाही. आई, मावशी, आत्या, बहीण, आजोळचे आजोबा, मामा हे सर्व त्या हिशेबात येतात. घरातील स्तनांचा, विशेषतः तरुण वयातील, किंवा बीजकोशांचा कर्करोग ही पुरुषांच्या दृष्टीनेही महत्त्वाची माहिती असते. सातबाऱ्यावर मुलींची नावे लागण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागली. जनुकांनी मुलगा-मुलगी असा भेद कधीच केला नव्हता.

मुंबईची नोंद आणि बार्शीची नोंद

जनुके हेच सर्वस्व नाही, याचा पडताळा घेण्यास आपल्या महाराष्ट्रातच चांगली सामग्री आहे. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग-नोंदणी सुरू केली, डॉ. डी. जे. जस्सावाला यांचे त्यामागे मोठे श्रम होते. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यातील माणूस दुखणे अंगावर काढतो, रुग्णालयात येत नाही. मग नोंद व्हायची कशी? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी बोलण्याची, लक्षणे समजावण्याची आणि संशयित रुग्णांना तपासणीस येण्यासाठी वळवण्याची पद्धत स्वीकारली. कोरे रकाने भरण्याचेच ते काम होते.

या नोंदींतून दिसते, की पुणे व मुंबई या शहरांत प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत गणला जातो. बार्शीच्या खेड्यांत मात्र त्याचे प्रमाण कितीतरी कमी आहे. बार्शीहून पुण्या-मुंबईस गेलेल्या माणसाची जनुके घाट उतरताना बदलत नाहीत. मग फरक कशाचा? काही अंशी आयुर्मानाचा, कारण हा उतारवयाचा रोग आहे. काही अंशी तपासणीचा, कारण शहरात तपासण्या अधिक होतात आणि जे शोधले जाते तेच सापडते. उरलेल्यात राहणीमान, आहार, शरीराचा स्थूलपणा यांचा वाटा असावा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या पुरुषांतही हा रोग भारतातील पुरुषांपेक्षा अधिक नोंदला जातो.

आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी जपणाऱ्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात : बियाण्यात जे नाही ते शेतात उगवत नाही, आणि बियाण्यात जे आहे ते सगळेच प्रत्येक शेतात उगवत नाही. आनुवंशिक धोक्याविषयी याहून सोपे उदाहरण आम्हांस वर्गात सापडलेले नाही.

रक्त, जात आणि विज्ञान

जनुकांचा विषय निघाला, की ‘रक्त’ आणि ‘वंश’ हे शब्द मागोमाग येतात. त्या शब्दांनी या देशात काय केले, हे या शाळेच्या परिवाराला सांगण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे तत्कालीन आकडे तपासले आणि अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हे मत त्याच आकड्यांच्या आधारे खोडून काढले. पुढे १९७२ साली रिचर्ड लेवाँटिन या जनुकशास्त्रज्ञाने दाखवले, की मानवजातीतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच सामावलेली असते.

पिढ्यान् पिढ्या एकाच वर्तुळात विवाह होत राहिले, तर एखादा विशिष्ट दोष त्या वर्तुळात साठून राहतो, हेही खरे. पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यू समाजात बीआरसीए जनुकांचे तीन ठरावीक दोष वारंवार आढळतात, ते यामुळेच. पण तो विवाहाच्या कुंपणाचा परिणाम आहे. रक्ताच्या उच्चनीचतेचा नव्हे. धोका मोजायचा तो कुटुंबाच्या इतिहासावरून, जातीच्या नावावरून नव्हे.

येथे एक उणीवही सांगितली पाहिजे. जनुकीय अभ्यासांत आजवर युरोपीय वंशाचे लोकच बहुसंख्येने सहभागी झाले. एचओएक्सबी१३ या जनुकातील २०१२ साली सापडलेला दोष प्रामुख्याने उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दिसतो. म्हणून तेथील लोकांवरून बांधलेले धोक्याचे गणित आपल्याला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. २०२०मध्ये आरंभलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात देशभरातील विविध समाजांतल्या सुमारे दहा हजार व्यक्तींचे जीनोम वाचण्यात आले. ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने ते मोठे पाऊल होय.

चाचणी कोणी, केव्हा करावी

जनुकीय चाचणी रक्त किंवा लाळ यांच्या नमुन्यावर होते. कठीण असते ते तिच्या निकालाचा अर्थ लावणे. दोष आढळला, दोष आढळला नाही आणि फरक आढळला पण त्याचा अर्थ आज निश्चित नाही, असे तीन प्रकारचे निकाल येऊ शकतात. तिसऱ्या निकालावरून घाबरून कोणताही निर्णय घेऊ नये. चाचणीची सुरुवात शक्यतो घरातील रुग्णापासून करतात. त्याच्यात दोष सापडला, तर इतरांनी नेमका तोच दोष तपासायचा असतो. चाचणीपूर्वी व नंतर जनुकीय समुपदेशन आवश्यक आहे. मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याचेच खारघर येथील केंद्र अशा मोठ्या संस्थांत त्याची सोय आहे. हा प्रौढ वयातील रोग असल्याने शाळकरी मुलांची अशी चाचणी करू नये. अठराव्या वर्षानंतर तो निर्णय त्याने किंवा तिने स्वतः घ्यावा.

पीएसए ही रक्तचाचणी वेगळी. ती जनुके पाहत नाही. प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील प्रमाण मोजते. साध्या वाढीत किंवा जंतुसंसर्गातही ते प्रमाण वाढते. म्हणून वाढलेला आकडा म्हणजे कर्करोग नव्हे. सरसकट सर्वांनी ही तपासणी करावी की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, कारण संथ रोगावर अनावश्यक उपचार होण्याचा धोका असतो. परंतु बीआरसीए२चा दोष असलेल्या पुरुषांनी चाळिशीपासून नियमित तपासणी करावी, यावर बऱ्याच अंशी एकमत आहे. ज्यांच्या घरात हा रोग होऊन गेला आहे, त्यांनीही पंचेचाळिशीच्या सुमारास डॉक्टरांशी हा विषय काढावा. दोष माहीत असण्याचा उपयोग उपचारातही होतो. सांधकामाच्या जनुकांत दोष असलेल्या, पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर ओलापॅरिब हे औषध अमेरिकेत २०२०मध्ये मान्य झाले. पेशीची जी दुबळी बाजू रोगाला वाट देते, तिचाच हे औषध रोगाविरुद्ध उपयोग करून घेते.

प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या बहुसंख्य पुरुषांत असा कोणताही जबर जनुकीय दोष नसतो आणि दोष असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असेही नाही. जन्माने मिळालेले सर्व काही अटळ असते, असे या शाळेने कधी शिकवले नाही. विज्ञानही तसे म्हणत नाही.

रकाना भरताना

आरंभी सांगितलेल्या कुटुंबात पुढे काय झाले? धाकट्या बंधूंची चाचणी झाली. त्यांच्यात तो दोष आढळला नाही. साहजिकच आमच्या विद्यार्थ्याला तो त्यांच्याकडून मिळण्याचा प्रश्न उरला नाही. थोरल्या बंधूंच्या मुलीत मात्र तो आढळला. “मुलीचे लग्न जमायचे आहे, हा विषय घराबाहेर काढू नका,” असा सल्ला नातलगांनी दिला. त्यांच्या काळजीचे कारण आम्ही समजू शकतो. पण अक्काच्या वेळीही असेच मौन पाळले गेले होते आणि त्याची किंमत तिच्या भावाने मोजली. ती मुलगी आज ठरलेल्या वेळी स्वतःची तपासणी करून घेते. दोष ठाऊक असल्यामुळे तिच्या हाती ती संधी आहे, जी तिच्या आत्याला मिळाली नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरात शिकलेली ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. ज्यांचे मृत्यू कोणत्याही कागदावर नीट नोंदले गेले नाहीत, अशा माणसांची आपण नातवंडे आहोत. त्यांच्याविषयी जे काही कळू शकते, ते आज हयात असलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतच आहे आणि ती आठवण दरवर्षी थोडी थोडी पुसट होत आहे. म्हणून आमची विनंती साधी आहे. घरी गेल्यावर आईजवळ बसा, आत्याला फोन करा, मामांना विचारा. कोण कोणत्या आजाराने गेले, तेव्हा वय काय होते, दुखणे कोठे होते, हे एका कागदावर लिहा. आईकडचे आणि वडिलांकडचे, दोन्ही. तो कागद शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.

त्या विद्यार्थ्याने आपला गृहपाठ पुढे दुरुस्त करून दिला. ‘ताप’ या शब्दावर त्याने एक सरळ रेघ ओढली होती आणि तिच्याखाली वडिलांना विचारून लिहिले होते : अक्का, स्तनांचा कर्करोग, वय ४१.